‘पर्यायी’ एवढेच मला म्हणता येते

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडाची, तळ रबराचा आणि तळावर एकच शब्द: ‘पर्यायी’. मित्रांनो, माझ्या हातून घडलेला एक अपराध मला तुम्हाला सांगायचा आहे, आणि तो मी क्रमानेच सांगणार आहे. कारण घाईने दिलेल्या कबुलीत पश्चात्तापापेक्षा सुटकेची ओढ अधिक असते.

आमचे गाव इतके लहान, की शिक्षणखात्याची कचेरी, दवाखाना आणि दोन्ही सरकारी माध्यमिक शाळा एकाच रस्त्यावर होत्या. मोठी शाळा आठला भरे. आमची शाळा बियाण्यांच्या जुन्या गोदामातल्या तीन खोल्यांत अकराला भरे. आठची घंटा ज्यांच्या दिवसात बसत नसे, अशी मुले तिथे येत. अशी वेगळी शाळा हवीच कशाला, असे कचेरीचे म्हणणे होते. आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी दोन वर्षे अर्जांवर अर्ज केले, तेव्हा कुठे ‘पर्यायी शाळा’ या नावाने मंजुरी मिळाली. त्याच आठवड्यात बाई शिक्के करणाऱ्याकडे गेल्या.

“शाळेच्या नावाचा गोल शिक्का आहे की तुमच्याकडे,” तो म्हणाला. “हा आणखी कशाला?”

“या शब्दासाठी चपला झिजवल्यात मी. चांगला ठसठशीत करा.”

त्याने मला खरोखरच ठसठशीत केले. प्रत्येक दाखल्यावर गोल शिक्क्याखाली मी उमटू लागलो. शाळेचे लेखनिक काका म्हणत, “हा गडी कधी शाई पसरवत नाही.” ती स्तुती मला गोड लागे, हे मी लपवणार नाही.

पुढे त्या शब्दाचा अर्थ बदलला. बदलला म्हणण्यापेक्षा, गावातल्या लोकांनी तो आपल्या सोयीने लावला. ‘पर्यायीवाला का? मग काय उद्योग केले होतेस?’ असे लोक विचारतात, हे मुलांच्या बोलण्यातून माझ्या कानावर येई. मी स्वतःची समजूत घाली: शिक्क्याने उमटावे, अर्थाची जबाबदारी वाचणाऱ्याची. हा युक्तिवाद मला तेव्हा बिनतोड वाटे. आज त्याची लाज वाटते.

आमच्याकडे एक सडपातळ मुलगी होती. तिला सगळे टाचणी म्हणत. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, आई पहाटेच बेकरीत कामाला जाणारी. वडिलांचे सगळे आवरून ती निघे, तोवर दहा वाजत. मोठ्या शाळेने तिच्या नावापुढे गैरहजेरी मांडता मांडता एक दिवस नावच काढून टाकले होते. आमच्याकडे मात्र ती परीक्षेत पहिली आली. तिला गुराढोरांच्या दवाखान्यातील साहाय्यकाचे शिक्षण घ्यायचे होते. दुसरे काही तिच्या मनातच नव्हते.

दाखला घ्यायला आली, तेव्हा तिने हळूच विचारले, “बाई, हा दुसरा शिक्का मारायलाच हवा का?”

“अगं वेडे, भांडून आणलाय तो आपण,” बाई हसून म्हणाल्या.

शाईची गादी नवी होती. माझ्या आयुष्यातला सर्वांत सुरेख ठसा मी त्या दाखल्यावर उमटवला.

पंधरा दिवसांनी ती त्या शिक्षणाच्या संस्थेत मुलाखत देऊन परत आली. “मार्कांचं कुणी विचारलंच नाही. आधीच्या शाळेतून का काढलं होतं, एवढंच विचारलं.”

“मग वडिलांचं सांगितलंस ना?”

“सांगितलं. म्हणाले, सगळे असंच सांगतात.”

दुसऱ्याच दिवशी बाई तिला घेऊन त्या संस्थेत गेल्या. हवा तर तिथेच नवा दाखला लिहून देता यावा, म्हणून कोरे कागद आणि शिक्के त्यांनी पिशवीत घेतले होते. प्रवेश पाहणारे साहेब त्या वेळी शिपायाला बजावत होते, “माझ्या मुलीचा वसतिगृहाचा अर्ज आहे हा. घडी पडू देऊ नकोस.” बाईंचे म्हणणे ऐकून ते म्हणाले, “एका शब्दाचं एवढं काय मनावर घेता, बाई?”

बाईंनी मला पिशवीतून काढले. “खरंय. शब्दच आहे. मग तुमच्या मुलीच्या अर्जावर उमटवू?”

साहेबांनी दोन्ही हातांनी तो अर्ज झाकला.

टाचणी त्या हातांकडे पाहत राहिली. मीही पाहिले, आणि मी काय आहे ते मला त्या दिवशी कळले. टाचणीचे नाव नसलेली प्रवेशाची यादी आदल्या दिवशीच लागली होती. ती बदलली नाही.

परतताना बाई म्हणाल्या, “तू विचारलं होतंस गं. मी ऐकलं नाही.”

“तुम्ही एवढं भांडून आणलेला,” ती म्हणाली. “तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

तेव्हापासून दाखल्यावर फक्त गोल शिक्का उमटतो आणि मी खणात असतो. टाचणीला पुढे कुठे जागा मिळाली का, हे मला ठाऊक नाही. लेखनिक काकांना विचारावे, तर मला एकच शब्द बोलता येतो.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझे रबर तडकू द्या. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातीही शिक्के येतील, आणि काही शब्द तुम्ही अगदी प्रेमाने, भांडून मिळवलेले असतील. ते दुसऱ्याच्या कागदावर उमटवण्यापूर्वी, तो कागद ज्याला जन्मभर दाखवत फिरायचे आहे त्याला विचारा. तो हळू बोलेल. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कदाचित अर्धेच बोलेल. उरलेले अर्धे ऐकू येईपर्यंत हात खाली आणू नका.