सरळ केलेला हत्ती

मी एक जुना कापडी हत्ती आहे. हसू नका मित्रांनो, हत्तीच आहे. कुणी मला उशी म्हणालं, एका गिऱ्हाइकाने तर चक्क मांजर ठरवलं. पण जिने मला केलं तिने हत्ती म्हणून केलं, तेव्हा मी हत्ती. विषय संपला.

माझा जन्म शिलाईच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिलाई मशीन, कापायचं टेबल, खिळ्यांवर टांगलेले बिनबाह्यांचे युनिफॉर्म आणि टेबलाखाली उरलेल्या कापडाच्या कातरणीचं पोतं. मशीनवर आई बसायची. तिची शिवण अशी, की खोड काढायला आलेलं गिऱ्हाईक निमूट कपडे घेऊन जायचं. वाकडा टाका मात्र तिला सहनच व्हायचा नाही. कुणाचा का असेना, दिसला की उसवलाच. तिच्या शेजारी बसून काज-बटणं करणारी मावशी म्हणायची, "ही बाई झोपेतसुद्धा पांघरूण उसवत असेल."

पोत्याला टेकून बसलेली असायची चिमटी, आईची चार वर्षांची मुलगी. इतकी बारकी, की मावशीनेच हे नाव ठेवलं होतं. घरात दोघींशी ती जेमतेम चार शब्द बोलायची, पण दारात गिऱ्हाईक दिसलं की थेट टेबलाखाली. बालवाडीत दोन महिने तिने तोंडातून ब्र काढला नाही. शेवटी बाईंनी आईला बोलावून विचारलं, "हिला ऐकू येतं ना नीट?" त्या दिवशी आई घरी आली आणि मशीनपुढे नुसतीच बसून राहिली. मुलगी अशीच राहिली तर हिचं पुढे कसं व्हायचं, याची तिला फार धास्ती होती.

एका दुपारी मावशीने चिमटीच्या हातात बोथट सुई दिली. "हे घे पोतं आणि हा दोरा. काय हवं ते कर. टोचलं तर बोंब मार."

तिने आठ दिवस घेतले. पडद्याचं करडं कापड, पोटात कातरण, एक डोळा शर्टाच्या बटणाचा आणि एक कोटाच्या. एक कान ताटाएवढा, दुसरा बिस्किटाएवढा. तोंड पार गालावर. पाय तीनच. टाके तर असे, की मुंगी त्यावरून चालली असती तर चक्कर येऊन पडली असती. पण मित्रांनो, शेवटची गाठ मारून तिने मला वर उचललं ना, तेव्हा तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी पुन्हा कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. "हत्ती!" ती ओरडली. एवढ्या मोठ्याने, की मावशीच्या हातातलं बटण घरंगळत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी बालवाडीत गेलो, तिच्या काखेतून. मुलं गोळा झाली. एकाने विचारलं, "याचा कान असा का?" आणि चिमटी बोलली! "मोठ्या कानाने तो लांबचं ऐकतो. छोट्या कानाने रागावलेलं ऐकतो, म्हणजे कमी ऐकू येतं. तोंड कडेला आहे, कारण त्याला कुजबुज आवडते."

"आणि चौथा पाय?"

"तो कामावर गेलाय लांब. माझ्या बाबांसारखा. येईल."

बाई दारातच उभ्या राहिल्या होत्या. हातातला डस्टर तसाच. त्यानंतर रोज डबा खाऊन झाला की माझी गोष्ट असायची. कधी मी डॉक्टर, कधी ड्रायव्हर, कधी नुसताच सर्दी झालेला. घरीसुद्धा ती गिऱ्हाइकांना मला दाखवून सांगू लागली, "हत्ती म्हणतो, कपडे उद्या मिळतील." आई हसायची, पण तोंड फिरवून डोळे पुसायची. माझी छाती तर अशी फुगली, की एक टाका तुटला.

मग बालवाडीने प्रदर्शन ठरवलं. मुलांनी केलेल्या वस्तू मांडायच्या आणि सगळ्यांच्या आईवडिलांनी बघायला यायचं. आदल्या सकाळी, मी मळू नये म्हणून चिमटी मला घरीच ठेवून गेली आणि एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलं. मला उलटंपालटं करून हसलं. "हे तुमच्या मुलीचं काम? शिलाईवालीची पोर ना ही? मग असं कसं?" वाईट मनाने नाही हो, आपलं सहज. पण आईला ते फार लागलं.

चिमटी बालवाडीत होती. आईने मला टेबलावर घेतलं आणि कातरी उचलली.

"अगं, राहू दे की," मावशी म्हणाली. "तिचं आहे ते."

"उद्या सगळे हसतील तिला. आत्ता कुठे बोलायला लागलीय. कुणी हसलं की पुन्हा टेबलाखाली जाऊन बसेल."

मित्रांनो, ती दुष्ट नव्हती. तिने मला उसवलं ते निव्वळ मायेने. मोठा कान कापून दोन्ही सारखे केले. तोंड मधोमध आणलं. डोळे एका मापाचे लावले. आणि त्याच करड्या कापडाचा एक पाय करून चौथ्या जागी बसवला. तासाभरात मी विकत आणल्यासारखा दिसू लागलो. मला ओरडायचं होतं, पण माझं ओरडणं ऐकणारं माणूस तेव्हा घरात नव्हतं.

चिमटी आली. दारातच थांबून तिने माझ्याकडे पाहिलं.

"आवडला?" आईने विचारलं.

तिने मान डोलावली. आईला वाटलं, आवडला. मला मात्र कळलं. दुसऱ्या दिवशी तिने मला काखेत घेतलं नाही, पिशवीत घातलं.

प्रदर्शनात माझ्याभोवती गर्दी झाली. "किती सफाई!" म्हणत आया एकमेकींना दाखवत होत्या. चिमटी टेबलाला चिकटून उभी होती. तेवढ्यात तिच्या वर्गातला एक मुलगा धावत आला. "अगं, पाय आला कामावरून? मग तुझे बाबा पण आले का?"

चिमटीने पायाकडे पाहिलं. मग दाराकडे. बाबा आले नव्हते. दोन वर्षांत आले नव्हते.

"हत्ती कुणी केला, सांग ना सगळ्यांना," बाई मायेने म्हणाल्या.

"आईने," ती म्हणाली. त्या दिवशी ती बोललेला तो एकच शब्द.

पुढे मी फळीवर गेलो. ती बालवाडीत पुन्हा मुकी झाली. पोत्याला तिने हात लावला नाही. आईला वाटलं, मुलं अशीच असतात, लहर असते. मग एकदा बाईंनी कागदाचा मुखवटा करून आणायला सांगितला. चिमटीने कागद आणि कातरी आईपुढे ठेवली. "तू काप. माझं उसवावं लागतं."

मशीन थांबलं. मावशीने मान वर करून आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तिने मला फळीवरून खाली काढलं. चौथा पाय उसवला, एक कान उसवला, कातरणीतून ताटाएवढा तुकडा कापला आणि तो स्वतःच वाकडा लावायला बसली. चार वेळा लावला, चारही वेळा शिवण सरळ. तिच्या हाताला वाकडं येतच नव्हतं. शेवटी तिने सुई चिमटीपुढे धरली. "चुकलं माझं, बाळा. तू लाव. मी हात लावणार नाही. तुला वाटेल तिथे लाव."

चिमटीने सुई घेतली. एक टाका घातला आणि आईकडे पाहिलं. "बरोबर आहे?"

"छान आहे."

दुसरा घातला. "हा?"

"छान आहे गं. घाल तू."

तिसऱ्याला सुई कापडावर टेकली आणि तिथेच थांबली. मग तिने सुई हळूच खाली ठेवली, टेबलावरचा खडू उचलून आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "तू खूण करून दे. मग मी घालते."

आईने खडू मुठीत धरला. तो तिच्या मुठीत मोडला, पण खूण काही तिने केली नाही. आणि चिमटीने तिसरा टाका घातला नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या घरातही कुणी चिमुरडं काहीतरी वेडंवाकडं करून तुमच्यापुढे धरेल. त्याला विचारा, कान असा का? गोष्ट ऐका, शेवटपर्यंत ऐका. पण हात मागे बांधून ठेवा. मला उसवायला तासभर पुरला. त्या पोरीची भीती आई अजून उसवतेय.

मी दुकानातच आहे, खिडकीपाशी. कान दोन टाक्यांवर लोंबतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं, "अहो, तुमच्या हत्तीचा कान सुटलाय, दोन टाके घाला की."

आई मशीन न थांबवता म्हणते, "ते माझं काम नाही."