इंजिनाची स्थिती: चांगली

शिंपीमास्तरांच्या दुकानामागच्या अंगणात एक निळी मोटार बारा वर्षं उभी होती. उभी म्हणजे पक्की उभी. चाकांतली हवा कधीच गेली होती आणि इंजिन तर त्याही आधी. गाडी मूळची मास्तरांच्या मामांची. मामा थकले तेव्हा त्यांनी इंजिन एका होडीवाल्याला देऊन टाकलं आणि उरलेली गाडी भाच्याला. "शिवणकामाला इंजिन लागतं कुठे?" एवढंच म्हणाले.

मामांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दुकान जेमतेम सहा पावलांचं. दोन मशिनं, कापायचं टेबल, इस्त्री, आणि मधून मास्तर अंग चोरून जात. गिऱ्हाइकाला कपडा घालून बघायला जागाच नव्हती. मास्तरांनी गाडीच्या पुढच्या सीटा काढल्या, तिथे आरसा बसवला, काचांना पडदे शिवले, आणि झाली खोली तयार. आत उभं राहता येत नसे. पण पॅन्ट काचते ती बसल्यावरच, तेव्हा ती बसूनच घालून बघावी, हे मास्तर प्रत्येकाला इतक्या मनापासून समजावत की लोकांना ते पटायचं. बॉनेटखालच्या मोकळ्या जागेत मास्तरीणबाईंनी गुंड्यांचे डबे रंगांप्रमाणे लावून ठेवले होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वाहन कार्यालयाचं पत्र आलं. 'सदर वाहनाची नोंदणी संपुष्टात आली असून विमाही आढळून येत नाही. तरी तीस दिवसांत नोंदणी व विमा करावा अथवा वाहन वापरात नसल्याचे घोषित करावे. अन्यथा कारवाई करण्यात येईल.'

"घोषित करा आणि मोकळे व्हा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "खरंच तर आहे. हलते कुठे ती?"

मास्तरांनाही तसंच वाटलं. माणूस सरळ. पॅन्ट बोटभर आखूड झाली तर गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच सांगून टाकणारा. ते धुतलेला शर्ट घालून चार नंबरच्या खिडकीपुढे उभे राहिले. आतल्या बाईंनी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"काका, गाडी वापरात नाही असं घोषित करायला नोंदणी चालू लागते."

"बरं. मग नोंदणी करून द्या."

"त्याला विमा लागतो."

"पण बाई, विमा कशाला? ती रस्त्यावर जातच नाही."

"रस्त्यावर जात नाही हे आम्हाला कळणार कसं? तुम्ही घोषित कुठे केलंय?"

मास्तर खिडकीच्या गजांशी वाकले. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "तिला इंजिनच नाही हो."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इंजिन नाही, हे तुम्ही मला सांगितलेलं नाही. इंजिन काढलं की वेगळा अर्ज, वेगळी खिडकी आणि ज्याला दिलं त्याची सही... कुणाला दिलं म्हणालात?"

"काही म्हणालो नाही," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्धवट बोलून घरी आले.

दोन दिवसांनी विमा कंपनीचे निरीक्षक आले. गोल, घामाघूम, वाकायचा कंटाळा असलेले गृहस्थ. एका हातात छापील नमुना, दुसऱ्या हातात रुमाल.

"चालू करा," त्यांनी फर्मावलं.

मास्तरांनी बॉनेट उचललं. निरीक्षकांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि गुंड्यांकडे पाहिलं. वरच्याच डब्यात मोत्याच्या रंगाच्या होत्या.

"हे काय?"

"गुंड्या."

"ते दिसतंय. इंजिन?"

"होडीत."

निरीक्षकांनी नमुना मास्तरांपुढे धरला. 'इंजिनाची स्थिती: चांगली, बरी, वाईट.' "नाही असा रकानाच नाही, मास्तर. रिकामं सोडलं तर वरचे साहेब परत पाठवतात. परत पाठवलं की मला पुन्हा यावं लागतं, आणि तुमची गल्ली चढाची आहे." ते विचारात पडले. "आवाज करतं?"

"नाही."

"तेल गळतं?"

"छे."

"धूर?"

"नसलेल्या इंजिनाचा धूर कसा..."

"चांगली," निरीक्षकांनी खूण केली. सही ठोकताना त्यांनी अशी इंजिनं आता राहिली नाहीत असंही म्हणून घेतलं.

त्या कागदावर विमा झाला. विम्याच्या कागदावर चार नंबरच्या खिडकीने नोंदणी करून दिली. गाडी डोळ्यांनी बघायची गरज तिथे कुणालाच वाटली नाही. शिक्का हाताशीच होता. आठवड्याच्या आत मास्तरांच्या हातात दाखला आला, की त्यांची मोटार कोणत्याही सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे. मास्तरांनी तो वाचला, मागे जाऊन गाडीच्या बसलेल्या टायरांकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. रात्री जेवण गेलं नाही.

"आता तरी घोषित करता येईल," मास्तरीणबाईंनी धीर दिला.

अर्ज घेतला गेला. पण गाडी खरोखर वापरात नाही, हे पाहायला वाहन कार्यालयाचे अधिकारी स्वतः यायचे होते. ते आले तेच घाईत. उंच, करड्या पॅन्टची कडक इस्त्री, चार वाजता मोठ्या साहेबांपुढे बैठक.

"या वाहनाचा कोणत्याही प्रकारे वापर होत नाही ना?"

मास्तरांनी उत्तर द्यायच्या आत गाडीचं दार उघडलं आणि पोस्टमन टाचण्या लावलेल्या पॅन्टमध्ये बाहेर आला. "मास्तर, बसल्यावर जरा डावीकडे सैल हवी." मग साहेबांना बघून त्याने नमस्कार केला आणि तसाच टाचण्यांसकट दुकानात पळाला.

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "हा वापर झाला! आणि तोही व्यावसायिक. म्हणजे परवाना, अग्निशामक नळकांडं, चालकाचा बिल्ला..."

"चालक? साहेब, ती चालत नाही."

"चालत नसली तरी चालक लागतो. गाडीचा सांगाडा क्रमांक कुठे आहे?"

क्रमांक होता पुढच्या चाकाच्या मागे, खाली. साहेब वाकले. गंजलेल्या बंपरची धार, कडक इस्त्री आणि साहेबांची घाई, तिन्ही एका जागी आल्या. आवाज असा झाला की मास्तरांना कापड कोणतं आणि फाटलं किती, दोन्ही न बघता कळलं.

"वीतभर," ते हळूच म्हणाले.

साहेब दोन्ही हात मागे धरून ताठ उभे राहिले. साडेतीन वाजले होते.

"आत बसा साहेब, पडदे ओढून घ्या," मास्तरीणबाईंनी गाडीचं दार उघडलं. "हे दहा मिनिटांत शिवून देतात. दिसणारसुद्धा नाही."

दुसरा इलाज नव्हता. थोड्या वेळाने गाडीच्या खिडकीतून एक करडी पॅन्ट बाहेर आली. मास्तरांनी ती अदबीने घेतली, आतून पट्टी लावली, बारीक टीप मारली. साहेबाचा राग आपल्या जागी आणि फाटलेलं कापड आपल्या जागी. काम करताना मास्तरांचा हात कधी कुणावर रुसला नव्हता.

वेळ फुकट जाऊ नये म्हणून साहेबांनी आत मांडीवर फाइल उघडली आणि अहवाल मोठ्याने पुटपुटत लिहायला घेतला. रंग निळा. चाके चार. मग आवाज थांबला. मास्तरीणबाई दाराशीच चहा घेऊन उभ्या होत्या.

"काय झालं साहेब? साखर हवी का?"

"नाही..." आतून क्षीण आवाज आला. "अकरावा रकाना."

"काय म्हणतोय?"

"'निरीक्षणाच्या वेळी वाहनात कोणी आढळल्यास त्याचे नाव, हुद्दा व आत असण्याचे कारण नमूद करावे.'"

दुकानातून मशिनची टीप तेवढी ऐकू येत होती.

"पोस्टमनचं लिहायचं तर त्याच्यानंतर कोण होतं तेही..." साहेब स्वतःशीच म्हणाले. मग पेन कुरकुरलं.

पॅन्ट आत गेली, साहेब बाहेर आले. जाताना त्यांनी अहवालाची प्रत मास्तरांच्या हातात दिली. 'वाहनात कोणीही आढळले नाही. वाहन कोणत्याही वापरात नाही.'

"पण साहेब," मास्तरांना राहवेना, "खरं सांगायचं तर..."

मास्तरीणबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला. साहेब बैठकीला निघून गेले. पाठीमागून शिवण खरंच दिसत नव्हती.

मास्तर कापायच्या टेबलाशी बसून राहिले. समोर तीन कागद. पहिल्यात इंजिन चांगलं होतं, दुसऱ्यात गाडी रस्त्याला योग्य होती, तिसऱ्यात तिला कुणी हात लावत नव्हतं. तिन्ही ठिकाणी ते खरं सांगायला गेले होते आणि तिन्ही ठिकाणी त्यांनाच गप्प बसवलं होतं.

"मामा असते तर पोट धरून हसले असते," ते म्हणाले.

"तुम्हीही हसा की मग," बायको म्हणाली.

मास्तरांनी प्रयत्न करून पाहिला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते थांबेचनात. पोस्टमन मशिनामागून डोकावून विचारत होता, आपण आता टाचण्या काढल्या तर चालेल का.