आजारी पाणी

पौषाची सकाळ पाचगणीला पांढरी होऊन उतरते. कृष्णेच्या खोऱ्यात रात्रभर साठलेलं धुकं उजाडता उजाडता वर सरकू लागतं. आधी शेतं बुडतात, मग वाट बुडते, मग सिल्व्हर ओकची उंच, रुपेरी, निःशब्द रांग बुडते. आणि पलीकडे कुठेतरी सूर्य उगवल्याची केवळ वार्ता येते, सूर्य येत नाही.

अशा धूसर, धूम्रवर्ण, दवभिजल्या प्रकाशात, उतारावरच्या एका बैठ्या घरामागे, एक तळं होतं. लहानसंच, काळ्या दगडात बांधलेलं. त्या तळ्यात एक मासा होता. दुधासारखा शुभ्र, आणि त्या शुभ्रतेवर लालभडक ठिपके, जणू फुलांनी लगडलेली फांदी कुणी पाण्यावर झटकली असावी. कोई जातीचा तो मासा हातभर लांब होता, राजस होता, संथ होता. त्याचं नाव पांगारा.

नाव ठेवलं होतं अक्कांनी. मंदाकिनीअक्का, शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. निवृत्तीनंतर त्यांनी दागिना केला नाही, यात्रा केली नाही. घरामागे तळं खोदून घेतलं आणि बोटाएवढा एक मासा आणून त्यात सोडला. "मला हलणारं चित्र हवं होतं," असं त्या म्हणायच्या.

आणि हेमलता त्यांची धाकटी बहीण. टपाल कचेरीतली नोकरी संपली, पाठोपाठ नवरा गेला, तेव्हा एक ट्रंक घेऊन ती अक्कांकडे आली ती कायमचीच. अक्कांनी विचारलं नव्हतं किती दिवस राहणार. पूर्वेकडची खोली झाडून ठेवली होती, इतकंच.

हेमलता लहानपणी फार उशिरा बोलायला लागली. घरातल्यांनी आशा सोडली होती. अक्का तेव्हा स्वतःच परकरातली पोर. पण ती या मुक्या बहिणीला कडेवर घेऊन परसात हिंडायची आणि रंग दाखवायची. हा आमसुली. हा पारवा. हा शेवाळी, हा मोरपंखी, हा डाळिंबी. एके दिवशी हेमलतेनं आभाळाकडे बोट केलं आणि ती म्हणाली, "पारवा." तिचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता; पारवा होता.

त्या पौषात मासा गप्प झाला.

आधी ते हेमलतेलाच जाणवलं. एरवी काठावर पाऊल वाजलं की तो वर येई, तोंड उघडी, पाण्याला गोल गोल चुंबनं देई. आता तो तळाशी होता. पर अंगाशी मिटलेले, कल्ले भरभर हलणारे. शेपटीच्या पातळ पडद्यात रक्ताच्या बारीक रेघा उमटलेल्या. अस्तमान होण्याआधी जो एक म्लान रंग पश्चिमेला येतो, तो त्याच्या ठिपक्यांना आला होता.

"अक्का, पांगाऱ्याला बरं नाही गं."

"थंडी आहे ना," अक्का म्हणाल्या. "माझेही गुडघे धरलेत."

हेमलतेनं थंडीला दोष दिला. मग दोन दिवसांनी कण्हेरीला दिला, कारण कण्हेरीची पानं वाऱ्यानं तळ्यात पडायची आणि कण्हेर विषारी. तिनं साऱ्या फांद्या छाटल्या. मग वाटलं, गेल्या महिन्यात कठड्याला चुना लावला, तो पाझरला असेल. तिनं चुना घासून काढला, हात सोलेपर्यंत. मग वाटलं, बगळा टपून बसत असेल, मासा धास्तावला असेल. तिनं तळ्यावर जाळी ताणली.

थंडी होती तशीच होती. मासा होता तसाच होता. पाण्याला मात्र एक वास येऊ लागला होता, कोंदट, कुजका, कडवट. बंद खोलीत विसरलेल्या ओल्या कपड्यासारखा.

शेवटी तिनं वाईहून निसारभाईंना बोलावलं. त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं, आणि पांगारा बोटाएवढा असताना त्यांच्याच दुकानातून आलेला. ते आले, चपला काढून काठावर उकिडवे बसले, आणि माशाचे कल्ले निरखू लागले.

मग त्यांनी काचेच्या नळीत तळ्याचं पाणी घेतलं आणि त्यात बाटलीतलं औषध थेंब थेंब सोडलं. "पिवळं राहिलं तर चांगलं," ते म्हणाले. "जेवढं हिरवं होईल तेवढं वाईट."

पाणी हिरवं झालं. गर्द, गडद, गहिरं हिरवं.

"ताई, मासा न्हाई आजारी. पाणी आजारी हाय." त्यांनी नळी उजेडात धरली. "खाणं कुजतंय तळाला. थंडीत ह्यांचं पोट मंद चालतं, खात न्हाईत फार. मग उरलेलं कुजतं, त्याचं विष होतं, आन् मासा त्याच विषात श्वास घेतो. किती घालता?"

"सकाळी एकदा. मूठभरसुद्धा नाही. अक्काच घालते."

निसारभाईंनी पाण्यात दोन्ही हात घातले आणि तळातून वर काढले. ओंजळीत फुगलेले, बुरशी धरलेले दाणे होते. ओंजळभर, आणि खाली आणखी कितीतरी.

"एका मुठीचं न्हाई हे," ते हलकेच म्हणाले. "कुणीतरी परत परत घालतंय."

अक्का शेजारीच उभ्या होत्या, शाल लपेटून. त्या ओंजळीकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांची नजर नळीवर होती, कौतुकानं, मान तिरकी करून. "छान रंग आला," त्या म्हणाल्या. "हा... काय म्हणतात याला... हा पानाचा रंग."

हेमलतेनं वळून बहिणीकडे पाहिलं. ज्या जिभेवर हिरव्याची शंभर नावं होती, पोपटी आणि शेवाळी आणि तृणवर्णी आणि पाचूचा आणि कोवळ्या कैरीचा, त्या जिभेला साधा हिरवा सापडत नव्हता.

धुकं त्या दिवशी दुपारपर्यंत हललं नाही.

दुसऱ्या दिवशी हेमलता स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली. समोर तांदूळ निवडायला घेतले होते. हात ताटात होते, डोळे तळ्यावर.

उजाडताना अक्का आल्या. जाळी बाजूला केली, डबा उघडला, चिमटीनं दाणे सोडले. "ये रे राजा. भूक लागली असेल." मायेनं, मंद स्वरात, मंत्र म्हणावा तसं. मग जाळी नीट लावून आत गेल्या.

ऊन कठड्यावर आलं तेव्हा अक्का पुन्हा आल्या. जाळी बाजूला केली, डबा उघडला. "ये रे राजा. भूक लागली असेल."

ऊन तळ्याच्या मध्यावर आलं. अक्का आल्या. "ये रे राजा."

ऊन उतरलं. अक्का आल्या.

दर वेळी तीच माया, दर वेळी तीच चिमूट, दर वेळी तोच उपाशी जिवासाठी कळवळलेला आवाज. दर वेळ ही पहिलीच वेळ. प्रेम जसंच्या तसं होतं, तसूभरही कमी झालेलं नव्हतं. फक्त ते केल्याची आठवण उरत नव्हती. आणि न उरलेली ती आठवण दाण्यादाण्यानं तळाला बसून कुजत होती.

हेमलतेच्या बोटांतला तांदूळ ताटात गळत राहिला. मग एकेक गोष्ट तिच्या मनात उलगडत गेली. दोनदा मीठ पडलेली आमटी. शेजारणीला तिच्या मेलेल्या सासूची विचारलेली खुशाली. पाणीपट्टी भरायला निघालेल्या आणि बाजारात उगाच उभ्या राहिलेल्या अक्का. ती प्रत्येक वेळी हसली होती. वय झालं, म्हणाली होती. माशाच्या दुखण्याचं कारण तिनं पानात शोधलं, चुन्यात शोधलं, बगळ्याच्या सावलीत शोधलं. सर्वत्र शोधलं. शेजारच्या खोलीत तेवढं शोधलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं डबा लपवला.

अक्कांनी घर पालथं घातलं. फडताळं उघडली, अंथरुणं झटकली, आणि मग कमरेवर हात ठेवून हेमलतेसमोर उभ्या राहिल्या. "हेमू, डबा कुठाय? कालपासून मुक्या जिवाच्या पोटात अन्नाचा कण नाही."

"अक्का, तू घातलंस त्याला. सकाळीच घातलंस."

"मी? मी तर आत्ता कुठे उठतेय." आणि खिडकीबाहेर त्यांचं लक्ष गेलं. बाहेर सूर्य मावळत होता.

त्या थबकल्या. मावळतीचा जांभळा प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. आणि त्या चेहऱ्यावरून, ढगाची सावली माळावरून जावी तसं, एक भय सरकत गेलं. मग ते गेलं, आणि मागे एक लखलखीत, निर्दय, निखळ जाण उरली.

"किती वेळा घातलं मी?"

"दोनदा झालं असेल."

"खरं सांग हेमू. तुला लहानपणीही खोटं बोलता यायचं नाही."

हेमलतेला बोलायला शिकवणारी बाई समोर उभी होती आणि तिला एक शब्द सुचत नव्हता.

"मग त्याचं हे..." अक्का खुर्चीत बसल्या. "मीच ना गं?"

"नाही गं अक्का. पाणीच खराब झालं होतं. निसारभाई म्हणाले ना."

अक्कांनी आपल्या हातांकडे पाहिलं. रंगांनी कधीकाळी माखलेले, आता शिरा उमटलेले हात. मग त्यांनी हेमलतेचा हात ओढून घेतला आणि तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"ऐक. आत्ता कळतंय मला, तोवर सांगते. तो डबा तुझ्याकडेच ठेव. मी मागेन. चिडेन, रडेन, नाही नाही ते बोलेन. देऊ नकोस. मी कितीही मागितला तरी मला देऊ नकोस. शब्द दे."

हेमलतेनं शब्द दिला.

मग सुरू झाले ते दिवस. निसारभाईंनी सांगितल्याप्रमाणे हेमलता रोज तळ्यातलं थोडं पाणी उपसायची, विहिरीचं ताजं ओतायची. तळाचा गाळ तिनं हातांनी काढला, कोपरापर्यंत गारठलेल्या हातांनी. खडेमीठ टाकलं. हवा सोडणारा छोटा पंप बसवला, त्याची संथ गुरगुर दिवसभर अंगणात राहिली. माशाला उपास घडवायचा होता. उपास हेच त्याचं औषध होतं.

आणि रोज अक्का डबा मागायच्या.

"हेमू, तो भुकेला आहे गं."

"नाही अक्का."

"एक चिमूट. एकच."

"नाही अक्का."

"दुष्ट आहेस तू. एवढ्या दगडी काळजाची कशी झालीस? कुणी शिकवलं तुला हे?"

तूच, हेमलतेच्या ओठांवर यायचं. ती मान खाली घालून बादली उचलायची. जिनं आयुष्यात तिला कधी नाही म्हटलं नव्हतं, तिला दिवसातून अनेकदा नाही म्हणायचं. आणि ज्या बाईनं हा शब्द घेतला, तिला तो घेतल्याचंही स्मरण नाही. वचन आता एकटीचं होतं. एकटीनं पाळायचं होतं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी अक्कांना तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, आणि बाहेर येऊन हेमलतेला म्हणाले, "या आजाराचा वेग कमी करता येतो. मागे नाही फिरवता येत." परतताना पसरणीच्या घाटात गाडी वळण घेत होती. अक्का खिडकीतून खोरं पाहत होत्या, मुलासारख्या, तृप्त.

माघ आला. धुकं विरळ झालं. निसारभाईंच्या नळीतलं पाणी आधी पोपटी झालं, मग फिकट, मग पिवळं. पांगाऱ्याचे मिटलेले पर एकेक करून उघडले. शेपटीतल्या रक्ताच्या रेघा विरल्या. तो तळ सोडून मधल्या पाण्यात आला, मग वरच्या. आणि एका सकाळी पाऊल वाजताच त्यानं पृष्ठभाग भेदून तोंड वर काढलं. शुभ्र, आरक्त, सजल, सतेज. त्या दिवशी हेमलता काठावर बसून रडली. कशासाठी, ते तिला वेगळं काढून सांगता आलं नसतं.

माशाचा आजार मागे फिरला होता.

फाल्गुनात अक्कांचं डबा मागणं कमी झालं. रोज, मग दिवसाआड, मग केव्हातरी. हेमलतेला आधी हायसं वाटलं. मग एक अख्खा दिवस त्यांनी मागितला नाही, आणि दुसराही. आणि तिला कळलं की ज्या भांडणाला ती रोज भीत होती त्या भांडणाची आता ती वाट पाहते आहे. तिनं मुद्दाम डबा समोर ठेवून पाहिला. अक्कांनी तो उचलला, झाकणावरची नक्षी पाहिली, आणि परत ठेवला.

वसंत उतरला तेव्हा एका निवळशंख सकाळी हेमलता त्यांचा हात धरून त्यांना तळ्याकाठी घेऊन आली. ऊन पाण्याच्या तळापर्यंत गेलं होतं. पांगारा सावकाश वळला, आणि त्याच्या अंगावरचा तो सगळा लाल, तो सगळा शुभ्र, एका झळाळत्या लाटेसारखा त्यांच्या पायांशी आला.

अक्कांनी श्वास रोखला. चेहरा उजळला.

"अगं बाई! केवढा देखणा!" त्या हेमलतेकडे वळल्या, हसल्या, एखाद्या सुसंस्कृत परक्या बाईनं परक्या बाईशी हसावं तसं, आदरानं, किंचित संकोचानं. "तुमचा का हो हा?"

तुमचा.

हेमलतेच्या कानांत तो शब्द पडला आणि खोल, खोल जात राहिला. साऱ्या जन्मात अक्कांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या अक्काचा."

"असं होय. नाहीत का त्या घरी?"

"आहेत ना. इथेच आहेत."

"मग सांगा हं त्यांना," अक्का म्हणाल्या, आणि त्यांची नजर पुन्हा पाण्यात गेली. "म्हणावं, फार मायेनं सांभाळलाय तुम्ही."

"सांगते," हेमलता म्हणाली.

वारा नव्हता. पाणी निर्मळ होतं, निश्चल होतं, नितळ होतं. आणि त्या पाण्यात दोन वृद्ध स्त्रिया शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पाण्याकडे पाहत होती, एक तिच्याकडे. मासा त्यांच्या प्रतिमांमधून हळुवार पोहत गेला. प्रतिमा हलल्या, मोडल्या, एकमेकींत मिसळल्या. आणि पाणी पुन्हा स्थिरावायला, त्या सकाळी, फार वेळ लागला.