कोमट पाण्याचे सोंग

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि अंगावर क्षारांचे पांढरे पट्टे आहेत. पण मला घडवणाऱ्या कारागिराने कडा इतक्या निगुतीने घासल्या होत्या की आजही बोट कापत नाही.

शोभेच्या माशांच्या दुकानात दारासमोरची जागा माझी. शाळा सुटली की मुले माझ्या काचेला नाक लावून उभी राहत. किती छान दिवस होते ते!

मग मालकाने कुठून तरी स्वस्तात कोई मासे आणले. कोई म्हणजे गार पाण्यात सुखाने राहणारे. थोड्याच दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले, कल्ल्यांवर पांढरे चट्टे पडले, अंगावरचा बुळबुळीत थर सुटून माझ्या काचेला चिकटला. शी! आठवले तरी शिसारी येते.

हा रोग एका विषाणूचा; तो गरम पाण्यात मंदावतो, पण अंगातून जात नाही, हे मालकाला ठाऊक होते. त्याने हीटर वाढवला. मेलेले मासे उपसून कचऱ्यात टाकले आणि तसल्याच हातांनी चहा प्यायला. उरलेले पोहू लागले.

एके दिवशी निवृत्त नर्सबाई आल्या. यजमानांनी हौसेने बांधलेल्या तळ्यातले कोई, ते वारल्यावर, बाई जीवापाड जपत होत्या.

"सगळे म्हातारे झालेत, माझ्यासारखेच. जरा तरुण सोबत हवी त्यांना."

"घ्या की बाई! बघा, कसे ठणठणीत आहेत."

"रविवारी नेते. दुसऱ्या कुणाला देऊ नका हं."

त्या गेल्यावर मालकाची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, म्हणाल्या, "अहो, त्यांच्या तळ्याचं पाणी गार. तिथे रोग उसळेल. जुने मासेही जातील."

"गेले तर थंडीनं गेले म्हणू. तू तोंड बंद ठेव."

मित्रांनो, त्या सडक्या कल्ल्यांचीही मला इतकी किळस आली नव्हती.

वहिनींनी तोंड बंद ठेवले. मालकाची पाठ वळली की हीटर तेवढा थोडा थोडा उतरवत गेल्या. रविवारी नर्सबाई आल्या, तेव्हा मासे पुन्हा आजारी पडून तळाशी बसले होते, काही मेलेही होते.

मालक खवळला. "पाणी गार करून मारलंस त्यांना!"

"आजारी होतेच. तुम्ही गरम पाण्याचं पांघरूण घातलं होतं, मी काढलं."

नर्सबाईंनी मालकाकडे वळूनही पाहिले नाही. "वहिनी, हे मासे आता वाचायचे नाहीत. गेले की नीट पुरा. आणि ही टाकी मला द्या."

औषधाने धुऊन, उन्हात वाळवून बाईंनी मला व्हरांड्यात ठेवले. नवा मासा आला की आधी काही आठवडे माझ्यात राहतो, तळ्याइतक्याच गार पाण्यात. त्याला धरायची जाळीसुद्धा वेगळी. आजार असेल तर तो माझ्यातच उघडा पडतो. तळ्यातले म्हातारे मात्र मजेत आहेत.

वहिनी परवा सांगत होत्या, दुकानात माझ्या जागी नवी टाकी आली आहे. मित्रांनो, तिच्या काचेला नाक लावाल तेव्हा हातही लावा. आत कोई असतील आणि काच कोमट लागली, तर मोठ्याने विचारा, "का?"