मानपानाचं सॉफ्टवेअर

'कॉम्प्युटर चुकत नाही' हे वाक्य धुळ्यात पहिल्यांदा नेमीचंद शेठ बोलले असं कोणी म्हणणार नाही, पण सगळ्यात जास्त वेळा तेच बोलले. त्र्याण्णवच्या पाडव्याला त्यांच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला. त्या दिवशी जो आत येईल त्याच्या हातावर शेठ एक पेढा ठेवायचे आणि कानात हे वाक्य घालायचे. पेढे संध्याकाळपर्यंत संपले. वाक्य पुढे महिनाभर पुरलं.

कॉम्प्युटरसाठी काचेची खोली केली होती. खोलीला एसी. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, आणि हात धुतल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात धुळ्यात माणसं ओला पंचा डोक्यावर टाकून फिरतात, तिथे एका टेबलावरच्या डब्याला थंडी वाजेपर्यंत गार ठेवलेलं बघून हिलाल नानांना मनापासून राग यायचा.

हिलाल नाना म्हणजे त्या छापखान्याचे जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचं काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं होतं. बोटं काळी झालेली, ती कुठल्याही साबणाने निघण्यातली नव्हती. म्हणजे काचेच्या खोलीत जायचा प्रश्नच मिटला. जी वस्तू छपाई करते आणि जिला शाईचा वास येत नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हे त्यांना कळत नव्हतं. पण त्यांना विचारलं कोणी होतं? शेठनी एवढंच सांगितलं होतं, "नाना, या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, हे छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात देऊ. तुम्हीही आता आराम करा."

आराम करा! पस्तीस वर्षांत नानांनी आजारपणाची रजासुद्धा मोजून चार वेळा घेतली होती. घरी बसून करायचं काय, भिंतीवरची पाल बघायची?

कॉम्प्युटर चालवायची कुसुमलता, शेठची धाकटी सून. पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आली होती. पोरगी हुशार, बोलायला गोड, आणि कॉम्प्युटरवर तिचा असा जीव की कोणी त्याला 'डबा' म्हटलं तर तिचा चेहरा पडायचा. "नाना, याच्यासमोर सगळे सारखे," ती म्हणायची. "लहान-मोठा, गरीब-श्रीमंत, काही भेद नाही."

"मग सूनबाई, लग्नपत्रिकेला तो काय कामाचा?" नाना म्हणायचे.

हे त्यांनी गंमत म्हणून म्हटलं नव्हतं. छापखान्याचं निम्मं काम लग्नपत्रिकांचं, आणि खान्देशातली लग्नपत्रिका म्हणजे नवरा-नवरीची नावं दोन ओळींत आणि भाऊबंदांची नावं पन्नास ओळींत. कोणाचं नाव कोणाच्या वर, यावर मांडव उठलेले आहेत. कोण थोरल्या पातीचा, कोण दत्तक गेलेला, कोणत्या मामाला मागच्या लग्नात खाली टाकलं होतं म्हणून या वेळी वर घ्यायचं, हे चाळीस-पन्नास गावांचं गणित नानांच्या डोक्यात होतं. लोक नावांची यादी आणून द्यायचे, ती कशीही लिहिलेली असो. ती लावायची नानांनी.

त्यातलं सगळ्यात अवघड घराणं पारोळ्याजवळच्या पाटलांचं. वडिलांच्या दोन बायका. थोरल्या बायकोचा मुलगा झुलाल, धाकटीचा लोटन. पण जन्माला लोटन अकरा महिने आधी आला. थोरला कोण? लोटनभाऊ म्हणायचे, वय बघा. झुलालभाऊ म्हणायचे, आई बघा; बापाच्या उत्तरकार्यात पगडी कोणाच्या डोक्यावर बांधली ते बघा. हे वीस वर्षं चाललं होतं, आणि दोघांत शब्द उरला नव्हता.

नानांनी त्यावर एक युक्ती काढली होती आणि ती देवाशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. निम्म्या पत्रिका छापून झाल्या की ते मशीन थांबवायचे, त्या दोन नावांच्या ओळी उचलून अदलाबदल करायचे आणि उरलेल्या पत्रिका छापायचे. एक गठ्ठा लोटनभाऊंकडे, एक झुलालभाऊंकडे. बोरी नदीच्या अलीकडच्या गावांना एकाने वाटायच्या, पलीकडच्या गावांना दुसऱ्याने. दोघं एकमेकांच्या ओट्यावर चढत नव्हते, तेव्हा पकडलं जायची भीती नव्हती. अशी सात लग्नं सुखरूप पार पडली होती.

आठवं लग्न कॉम्प्युटरच्या वाट्याला आलं. त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाची मुलगी, म्हणजे दोन्ही काका निमंत्रक. कुसुमलताने बासष्ट नावं भरली. पुण्याच्या कोर्समध्ये सरांनी शिकवलं होतं की यादी म्हटली की ती आधी अकारविल्ह्याने लावायची, नाहीतर शोधणाऱ्याला त्रास होतो. तिने एक बटण दाबलं. खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणून बालगोपाळांची वेगळी यादी होती. दोन याद्या कशाला म्हणून तीही तिने त्यातच मिसळली.

प्रूफ नानांकडे आलं. तो नियम अजून शिल्लक होता. नानांनी चष्मा लावला आणि पहिलं नाव वाचलं, अंकुश. वय वर्षं चार. शेवटचं नाव हिरामण. वय वर्षं ब्याऐंशी, सगळ्या भावकीचा चुलत आजोबा.

नानांनी कागद खाली ठेवला. काचेपलीकडे कुसुमलता हसून मान हलवत होती, कसं झालंय म्हणून. नानांनी एकेक अक्षर तपासलं. काना-मात्रेची एकही चूक नव्हती. प्रूफावर शुद्धलेखन तपासायचं असतं, क्रम तपासा असं त्यांना कोणी सांगितलं होतं? त्यांनी खाली सही ठोकली आणि मोठ्या समाधानाने घरी गेले. होऊन जाऊ दे एकदा. कळू दे शेठना, आराम कोणी करायचा ते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला लोटनभाऊ आले. पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी काउंटरवर आदळला.

"शेठ, हाई काय शे? बठ्ठा घरमा पहिला मान कोनले, तर अंकुशले! त्याले आजून चड्डी घालता येत नही! अन् हिरामण आबा सांगस, मी लगीनलेच येत नही!"

शेठनी तोंडातलं वाक्य तोंडातच ठेवलं. कुसुमलता बाहेर आली, तिने पत्रिका पाहिली आणि तिला काहीच कळेना. चूक कुठे आहे? तिने लगेच पुण्याला, ज्यांनी कॉम्प्युटर बसवून दिला त्या सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. बसवायला आलेला टायवाला इंजिनीअर नंबर देऊन गेला होता, कधीही फोन करा म्हणून. नंबर सातव्यांदा लागला. तिने विचारलं, मानपानाप्रमाणे नावं लावायची सोय कुठे आहे? पलीकडून बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मॅडम, मानपान असा फील्ड आपल्याकडे नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. पण प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा नाही हं, युजरचा आहे."

फोन ठेवताना तिचे डोळे भरले होते. शेठ तिच्याकडे बघत होते, आणि ते बघणं काही चांगलं नव्हतं. नाना खिळे ठेवायच्या लाकडी केसपाशी उभे होते. हेच बघायला त्यांनी तीन दिवस वाट पाहिली होती, आणि आता बघवेना. स्वतःचाच संताप आला त्यांना. एवढीशी पोर, तिच्याशी कसलं वैर?

ते पुढे होणार, तोच दारातून झुलालभाऊ आत आले. देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका त्यांच्याही घरी पोचली होती. लग्नाचे मांडव सोडले तर वीस वर्षांत दोघं भाऊ पहिल्यांदा एका छपराखाली उभे राहिले. कारण दोघांच्या हातात पहिल्यांदाच एकसारखी पत्रिका होती.

"पहिलेनी पत्रिका पहा!" लोटनभाऊंनी खिशातून घडी काढली. "चार वरीस व्हयनात. पुतण्यानं लगीन. मन्हं नाव बठ्ठासना वर!"

"तुन्हं?" झुलालभाऊंनी पिशवीत हात घातला. "त्याच लगीननी पत्रिका मन्हाकडे बी शे. पहा, कोनं नाव वर शे!"

दोन्ही पत्रिका काउंटरवर शेजारी शेजारी पडल्या. तोच गणपती, तोच मुहूर्त, तीच शाई. दोन्ही भावांनी आधी पत्रिकांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे आणि मग हळूहळू माना वळवून हिलाल नानांकडे.

पस्तीस वर्षांचं नाव आता या काउंटरवर जाणार. उद्या पारोळ्यात, परवा चोपड्यापर्यंत बातमी: धुळ्याचा हिलाल नाना दोन तोंडांनी छापतो.

कुसुमलताने दोन्ही पत्रिका हातात घेतल्या. दोन ओळी सोडल्या तर सगळं तेच. तिने नानांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. तिच्या सगळं लक्षात आलं.

"त्यात नानांचा काय दोष?" ती शांतपणे म्हणाली. "ट्रेडल मशीन जुनं झालंय. खिळे सैल होतात, छापता छापता ओळी सरकतात. वरची खाली, खालची वर." तिने शेठकडे हात केला. "म्हणून तर बाबूजींनी कॉम्प्युटर आणला."

ओळी सरकतात! नानांनी जुळवलेली ओळ पस्तीस वर्षांत केसभर हलली नव्हती. एवढा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता, आणि एवढे उपकारही. "हो," ते कसेबसे म्हणाले. "सरकतात कधीकधी."

"आता कॉम्प्युटरलाच विचारू," कुसुमलता म्हणाली. "नाना, तुम्ही आत या. मला नावं वाचून दाखवा."

नानांनी चपला काढल्या, हात धोतराला पुसले आणि पहिल्यांदा त्या गार खोलीत पाऊल टाकलं. दार बंद झालं. बाहेर दोन्ही भाऊ काचेला नाक लावून उभे राहिले.

"सूनबाई," नाना खालच्या आवाजात म्हणाले, "प्रूफ मी पाहिलं होतं. मुद्दाम बोललो नाही."

"माहीत आहे. सही आहे ना तुमची." तिची नजर पडद्यावरच होती. "आता सांगा, वर कोण?"

याचं उत्तर नानांकडे वीस वर्षं तयार होतं. सांगायची छाती नव्हती, इतकंच. "लग्नाच्या पत्रिकेत वय बघायचं. लोटनभाऊ वर. उत्तरकार्याचं पत्र असेल, देवाधर्माचं असेल, तर पगडी बघायची. तिथे झुलालभाऊ वर. आणि हिरामण आबा दोघांच्याही डोक्यावर, लग्न असो की काही असो."

तिची बोटं चालू लागली. मग नानांनी एकेक नाव सांगितलं, कोण कोणाखाली आणि का. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर तो नियमही स्वच्छ अक्षरांत छापलेला होता. दोन्ही भावांनी तो दोनदा वाचला.

"मशीन सांगस त्याले इलाज नही," झुलालभाऊ म्हणाले. "त्याले काय, तू बी सारखा अन् मी बी सारखा."

"पगडीनं बी बरोबर सांगं त्यानी," लोटनभाऊ म्हणाले. आणि जाता जाता त्यांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. "पहा नाना! वीस वरीस तुमले जमनं नही, अन् ह्याले दोन मिनिटमा जमनं!"

नाना हसले. हसण्याशिवाय करणार काय? शेठना त्यांचं वाक्य परत मिळालं होतं आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आखाजीला ट्रेडल मशीन गेलं. ते हातगाडीवर चढवताना नानांना बघवलं नाही. पण त्या दिवशी कुसुमलताने काचेच्या खोलीत आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ठेवली आणि शेठना सांगितलं की नावं वाचून दाखवायला माणूस लागतो. शेठ 'हूं' म्हणाले.

बातमी पसरली ती मात्र कॉम्प्युटरची. धुळ्याला एक मशीन शे, ते भाऊबंदकी सोडवतं. लांबलांबून लोक याद्या घेऊन येऊ लागले. काचेला नाक लावून बघायचे, तोंडाला पदर लावून हसणाऱ्या बायकांपासून फेटेवाल्या पाटलांपर्यंत सगळे. नाना मान खाली घालून बोलायचे, कुसुमलता टाइप करायची, आणि बाहेरून कौतुक चालायचं, काय डोकं आहे हो या यंत्राला! सुरुवातीला नानांना याची गंमत वाटायची. मग ते ऐकणं नकोसं व्हायला लागलं. डोकं माझं आणि मान त्या डब्याला! मानपानाचा सगळा हिशेब ज्याला येतो, त्याच्या वाट्याला नेमका शेवटचा नंबर.

श्रावणात चोपड्याचे जीवराम पाटील आले. साखरपुड्याच्या पत्रिकेची ऐंशी नावांची यादी, तीन सोयरिकी एकमेकांत गुंतलेल्या. काचेतून बराच वेळ त्यांनी पाहिलं आणि मग दार ढकलून डोकं आत घातलं.

"ओ बाबा, जरा सरका ना एका बाजूले. तुमच्या पाठीनं मशीन दिसत नही."

नाना उठले. चपला घातल्या आणि पायरीवर जाऊन समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

खोलीत कुसुमलताची बोटं थांबली. पडद्यावर एकविसाव्या नावापुढे कर्सरची उभी रेघ नुसतीच लुकलुकत होती. जीवराम पाटलांनी पाच मिनिटं वाट पाहिली, दहा पाहिली. मग त्यांनी काचेवर टकटक केलं.

"काय व्हयनं ताई? कॉम्प्युटर बंद पडना का?"

"बंद नाही पडला," कुसुमलता पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चहाला गेलाय. तो बघा, पायरीवर बसलाय."

जीवराम पाटील वळले. पायरीवर एक म्हातारा काळ्या बोटांत काचेचा ग्लास धरून बसला होता. पाटलांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या यादीकडे, आणि डोक्यावरची टोपी सारखी करत ते पायरीकडे चालू लागले.

नानांनी त्यांना येताना पाहिलं. चहा अजून अर्धा होता. तो त्यांनी सावकाश संपवला.