मोठ्या मॅडम पेशंट होतात

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मोठ्या मॅडम सरावखोलीतल्या खाटेवर आडव्या झाल्या आणि लगेच कुरकुरल्या, "या गादीवर पेशंट बरा होणं लांबच, माझी कंबर मात्र कामातून जायची."

"कपाटात बाहुली आहे, आई," चादरींच्या घड्या घालत लेक म्हणाली. "तिला कंबर नाही. तोंडही नाही."

"म्हणूनच नको. कशीही उलथीपालथी करा, ती घाबरत नाही."

नर्सिंगच्या त्या शाळेत दोघी शिकवत. मुलींनी एकीला मोठ्या मॅडम केलं होतं, दुसरीला धाकट्या. शेवटच्या परीक्षेला मोठ्या मॅडम स्वतः बेशुद्ध पेशंट होत. मुलीने एकटीने आत यायचं, अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं, पेशंटला न उठवता चादर बदलायची. वर्षभर ज्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, त्या मॅडम त्या दिवशी डोळे मिटून गप्प पडत.

"वर्षभर पोरी वॉर्डात राबतात," लेक म्हणाली, "आणि तू अर्ध्या तासात निकाल लावून मोकळी."

"वर्षभर मी मागे असते गं! उशी घे, पाणी कोमट कर, सारखी कानाशी भुणभुण. मी नसताना काय करतात ते बघू कधी?"

"बघतेस कुठे? डोळे तर मिटलेले असतात."

"कातडीला कळतं." मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "राग माझ्यावर आहे ना, मग परीक्षेवर कशाला काढतेस?"

लेकीने चादर जरा जोरातच झटकली.

राग जुना होता. ती याच शाळेत शिकली आणि तिच्या परीक्षेलाही खाटेवर आईच होती. तिचे हात सफाईदार चालले, चादरीवर एक सुरकुती राहिली नाही. आईने तिला नापास केलं. हात लावण्याआधी पेशंटला सांगितलं नाही म्हणून. 'बेशुद्ध असला तरी सांगायचं, कान सगळ्यांत शेवटी मिटतात,' हे आईचं पालुपद तिला पाठ होतं. पण समोर आई. तिला अहो म्हणायचं की अगं, याच घोळात जीभ टाळ्याला चिकटली होती. पुढे बाहेरच्या परीक्षकांनी तिला पास केलं, तरी मनातली अढी सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गार झाला तरी आई उठली नाही. झोपेतच गेली होती.

लेकीने शेजारणीला बाहेर बसवलं आणि सगळं स्वतः केलं. अंग पुसलं, कुशीवर वळवलं, चादर बदलली. सुरकुती नव्हती. तोंडातून शब्दही नव्हता.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा प्राचार्या हळू आवाजात म्हणाल्या, "यंदा परीक्षा राहू दे. वर्षभराच्या गुणांवर निकाल लावू. तुमचं म्हणणं तेच होतं ना?"

"होतं."

"पोरी जिला गोगलगाय म्हणतात, ती तेवढी लटकेल. तिचं एक काम वेळेत होत नाही."

नुसती मान हलवायची होती. इतकी वर्षं भांडून जे मिळालं नव्हतं, ते आयतं समोर आलं होतं. पण आईचं शेवटचं काम आपण मोडीत काढायचं?

"परीक्षा होईल," ती म्हणाली. "पेशंट मी होईन."

गादी खरंच वाईट होती. घड्याळ घेऊन प्राचार्या कोपऱ्यात बसल्या. एकेक मुलगी येऊन जाऊ लागली. कुणाचे हात गार, कुणाची नखं टोचणारी. कुणी पाठ केलेलं घडाघडा म्हणत होती, कुणी घाबरून गप्पच. मिटल्या डोळ्यांच्या अंधारात न सांगता हात आला की अंग दचके. हात चांगले असले तरी दचके. कातडीला कळतं, ते हे.

शेवटी गोगलगाय आली. दार वाजलं, मग बराच वेळ काहीच नाही. नुसते तळवे चोळल्याचा आवाज.

"मावशी, मी आलेय हं. हात गार आहेत, जरा ऊब आणते." थोड्या वेळाने, "आता मान उचलते." मग, "कुशीवर वळवते. पडणार नाही तुम्ही, मी धरलंय."

पोरीला वेळ का लागतो ते आता कळलं. धाकट्या मॅडमच्या मिटल्या पापणीखालून पाणी आलं.

"डोळ्यात पाणी गेलं का, मावशी? पुसते हं."

"वेळ संपला," प्राचार्या म्हणाल्या. अर्धी चादर अजून लोंबत होती.

"चादरीचे गुण कापा," खाटेवरून आवाज आला. "पण ही पास आहे."

सगळ्या गेल्यावर तिने दार लावून घेतलं. आवरायची फक्त खाट उरली होती. गादीच्या मधोमध खळगा पडला होता, तिच्या एकटीचा नव्हे, वर्षानुवर्षांचा. ती उशाशी उभी राहिली. तळवे एकमेकांवर चोळले, पुरेसे कोमट होईपर्यंत.

"आई," ती मोठ्याने म्हणाली. आवाज फुटला, तरी ती थांबली नाही. "आई, मी आहे गं. घाबरू नकोस. आता तुला कुशीवर वळवते."