एकवीस पुड्या

माझ्या नातीचं बारसं झालं ते साल २०२२. त्याच वर्षी दिवाळीनंतर अंबाडी नाक्यापलीकडे तांब्याबाबाचा दरबार सुरू झाला. दर शनिवारी भिवंडीहून रिक्षा भरभरून जायच्या. कोणी लूमवरची ड्युटी बुडवलेली, कोणी लेकरू काखेला मारलेलं, सगळे रांगेत. बाबाची विद्या एकच. पितळी तांब्यात पाणी भरून दुखणेकऱ्याच्या हातात द्यायचं. सांडलं तर अंगात बाधा.

"तांब्या कभी झूठ नहीं बोलता!" बाबा ओरडायचा. "डॉक्टर नुसता बोलतो, तांब्या दाखवतो!"

आमच्या घरात देव नाहीत, भिंतीवर बुद्ध आहे. तरी माझी बायको हौसा आम्हा सगळ्यांना त्या रांगेत घेऊन गेली, कारण आमची लेक ललिता थरथरत होती.

नवरा गेल्यावर ललिता माहेरी आली आणि तिचं बोलणं आटलं. दिवसभर भिंतीकडे तोंड. "आबा, मला जगायचंच न्हाय," असं एकदा म्हणाली. आमची सून दीक्षा बाळंतपणानंतर अशीच खचली होती आणि डॉ. रुचिका भोईर यांच्या गोळीने दोन महिन्यांत हसू लागली होती. त्यांनी ललितालाही तीच गोळी दिली, तेवढ्याच ताकदीची. दहा दिवसांत ललिताचे हात कापू लागले, घाम फुटू लागला, छाती धडधडू लागली.

बाबाने दोघींच्या हातात तांब्या दिला. दीक्षाचा थेंब हलला नाही. ललिताचा पदर भिजला.

"गोळी एक, डॉक्टर एक, चूल एक!" बाबा गर्दीकडे वळला. "एक बाई बरी, दुसरी कापते. मग दोष गोळीत कसा? दोष घराण्यात हाय!"

खरं सांगतो, मलाही क्षणभर पटलं. वकिलाला सुचणार नाही असा मुद्दा होता.

बाबाने अंगाऱ्याच्या एकवीस पुड्या दिल्या, लाल दोऱ्याने बांधलेल्या. रोज एक, पाण्यातून. अट एवढीच, डॉक्टरची गोळी बंद.

घरी येताच हौसाने गोळ्या फेकायला उचलल्या. मी तिचा हात धरला.

"अहो, पोरीचे हाल बघवत न्हायत. तीन शनिवार बाबाचं ऐकू, मग तुमचं."

ललिता भिंतीकडून वळली. "आई, दे सगळं इकडं. माझं मी घेते."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गेली ती थेट डॉक्टरांकडे. पुड्या माझ्या ट्रंकेत राहिल्या.

डॉक्टरांनी हात तपासले आणि विचारलं, "घरात आणखी कोणाला अशा गोळ्यांचा त्रास झाला होता?"

मी खिशातून जुनी चिठ्ठी काढली. माझ्या बहिणीची, गुणाबाईची. तीही अशीच खचली होती आणि गोळीने अशीच कापायची. डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"काका, बाबा अर्धं बरोबर बोलला. घराण्यात असू शकतं. पण बाधा नव्हे. दोन मोऱ्यांत एकेक बादली पाणी ओता. जिचं भोक बारीक, तिथे पाणी तुंबणार. काहींचं यकृत ही गोळी हळू निचरवतं. ते आईबापांकडून येतं, नाकासारखं. रोजची गोळी पडत राहते आणि अंगात साठत जाते."

"आणि दीक्षा?"

"ती दुसऱ्या घरची लेक. तिची मोरी वेगळी."

त्यांनी ललिताच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि मुंबईला तपासायला पाठवली. "यातून सगळंच कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण कोणती गोळी, किती, हे ठरवायला मदत होते." आधीची गोळी बदलून त्यांनी वेगळ्या वाटेने निचरणारी दिली, कमी ताकदीची. बारा दिवसांनी निकाल आला. अंदाज खरा होता.

तिसऱ्या शनिवारी पुन्हा दरबार. ललिताचं मन अजून जड होतं, पण सकाळी तिने स्वतःहून भाकरी मागितली होती. तांब्या हातात आला. थेंब सांडला नाही.

"देखा!" बाबा उठून नाचला. "गोळी सुटली, बाधा सुटली!"

ललिताने रुमाल सोडला आणि बाबापुढे पुड्या मांडू लागली. गर्दीच मोजायला लागली. एकवीस. एकाही पुडीचा लाल दोरा सुटलेला नव्हता. मग तिने दहा-दहा गोळ्यांच्या दोन रिकाम्या पट्ट्या ठेवल्या आणि तिसरी, एक घर फुटलेली.

"बाबा, तुमचं एक चिमूट घेतलं न्हाय. डॉक्टरची गोळी एक दिवस चुकवली न्हाय."

बाबा ओरडला, "अंगारा घरात ठेवला तरी लागू पडतो!"

"आबांच्या ट्रंकेत होता," दीक्षा म्हणाली. "मग आबांचे केस काळे नको होते व्हायला?"

गर्दी हसली. तेवढ्यात माझं लक्ष तांब्याकडे गेलं. पाणी दोन बोटं उणं होतं. पहिल्या दिवशी दीक्षाचंही असंच होतं, ललिताचा तांब्या मात्र काठोकाठ. बाधा कोणाला लावायची ते भरणाराच ठरवत होता. मी तांब्या काठोकाठ भरला आणि बाबाच्या हातात दिला.

"धरा बाबा. तांब्या झूठ नहीं बोलता."

बाबाची लुंगी भिजली.

घरी परतल्यावर हौसा म्हणाली, "ललिते, उद्याची गोळी मी देईन."

वाचणाऱ्यांनो, गोळीचा त्रास झाला तर ती फेकू नका आणि मुकाट सोसूही नका. ज्यांनी दिली त्यांना जाऊन सांगा. एकीला मानवलेली गोळी दुसरीला मानवेलच असं नाही. नाही मानवली, म्हणून तिच्या अंगात कोणी शिरलेलं नसतं.

ती जुनी चिठ्ठी दवाखान्यातल्या कंपाउंडरने मराठीत लिहून दिली होती. तेव्हा आमच्या घरात कोणाला वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही ती भगताला दाखवली. 'गोळी बंद करा असं लिवलंय,' तो म्हणाला. आम्ही बंद केली. आठ वर्षांनी मी प्रौढ वर्गात अक्षरं शिकलो आणि ती स्वतः वाचली. 'त्रास झाल्यास अर्धी घ्या. बंद करू नका.'

गुणाबाईने ९ मार्च १९९१ रोजी जीव दिला, गोळी बंद केल्यापासून सोळाव्या दिवशी. ती सत्तावीस वर्षांची होती.